टिफिनला बोलावलं होतं

मी लोकांचे आवाज काढतो. तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांचा काढला म्हणून मार खाल्ला आणि गॅदरिंगला तोच काढला म्हणून बक्षीस घेतलं. त्यामुळे यात चूक काय, बरोबर काय, ते माझं कधी पक्कं झालंच नाही. पुढे बँकेत लागलो, मद्रासला पोस्टिंग आलं, तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोली घेतली. मॅन्शन म्हणजे नाव मोठं. आत सगळे एकटे राहणारे नोकरदार, खोलीत दोन खाटा आणि दोरीवर लुंग्या. तमिळ येत नव्हतं तरी माझं काही अडलं नाही. एग्मोर स्टेशनवरची अनाउन्समेंट करणारी बाई, मेसच्या मालकाचं खाकरणं, आमच्या मॅनेजरचं फोनवरचं इंग्रजी, असा माझा माल होता. लोक हसले की ते आपले, एवढाच माझा हिशोब.

बँकेत एक हेडक्लार्क होते. पिढ्यानपिढ्या तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी म्हणजे पोथी उघडावी आणि ती तमिळ चालीत वाचावी तसं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. दुपारी आपल्या डब्यातला दहीभात मला द्यायचे आणि मी त्यांचा आवाज त्यांच्याच समोर काढायचो. पोट धरून हसायचे बिचारे.

एकदा मामांनी विचारलं, "काय हो, घरीं तुमचें कोण पाहतें सगळें?"

"मीच," मी म्हणालो. "मुलगाही मीच आणि बापही मीच. मला विचारल्याशिवाय मी काही करत नाही."

मामा हसले, पण मान अशी हलवली की जणू नोंद घेतली. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "माझी बहीण-मेहुणे आलेत, भाची आहे. रविवारीं टिफिनला या. तीनला या, साडेचारला राहुकाळ लागतो."

टिफिन म्हणजे तिकडे दुपारचं खाणं. भजी खायलासुद्धा राहुकाळ पाहणारा माणूस, म्हणून मी मॅन्शनमध्ये त्यांची नक्कल करून दाखवली आणि रविवारी अड्यारची बस पकडली.

घरात चटई अंथरलेली, पंखा चालू. मेहुणे पांढऱ्या लुंगीसारख्या वेष्टीत ताठ बसलेले. त्यांनी पगार विचारला. मद्रासमध्ये बसमध्ये शेजारी बसलेला माणूसही पगार विचारतो, त्यामुळे मला काही वाटलं नाही. कुलदैवत विचारलं. तेही परमुलखात भेटलेला मराठी माणूस विचारतोच. मग बशी आली. रव्याचा केशरी शिरा, त्याला ते सोज्जी म्हणतात, आणि कच्च्या केळ्याची भज्जी. मी दोनदा मागून घेतली. मामांच्या बहिणीचा चेहरा उजळला. मला वाटलं, भज्जीचं कौतुक केलं म्हणून.

मग भाची कॉफी घेऊन आली. भर उन्हात जरीची साडी, केसांत मोगरा. तिने पेला माझ्यापुढे ठेवला आणि वर न बघता एका बोटाने थोडा माझ्याकडे सरकवला. बस्स. पहिल्या नजरेत म्हणतात ते तिथे झालं. माझी खात्रीच होती, कारण कधी नव्हे ते मला पुढची कोटी सुचेना.

"बाळ गाते," मेहुणे म्हणाले. ती बसली आणि एक पद म्हणाली. जुनं मराठी पद, पण चाल दाक्षिणात्य. वरच्या सुरावर एका ठिकाणी तिचा आवाज चिरकला आणि तिने तो वळवून सावरला. ती जागा मी पटकन टिपली.

संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मला कळतं ते का बघत होते. तेव्हा वाटलं, आता माझा नंबर.

"तुम्हीही तें करून दाखवा," मामा म्हणाले, थोडं शांततेला घाबरूनच. "स्टेशनातली बाई."

मी बाई केली. मॅनेजर केला. मेहुण्यांच्या मिशा हलल्या. मी रंगात आलो. म्हटलं, "आणि आता आपल्या आजच्या गायिका," आणि तिची ती ओळ घेतली. 'च' आणि 'ज' तिच्यासारखे मऊ, वर जाताना तोच चिरका सूर, तेच सावरणं, वर मान हलवणं. हुबेहूब. मामा सवयीने हसले आणि मध्येच थांबले. तिने पदर तोंडावर दाबला आणि आत पळाली.

हसू आवरेना म्हणून पळाली, असं मी धरलं. तो पदर मी महिनाभर डोळ्यांपुढे ठेवला. मॅन्शनमध्ये खोलीतल्या मित्राला, तो तिरुनेलवेलीचा, झोप लागेपर्यंत सांगायचो, की एका मुलीला मी इतकं हसवलं की तिला बसवेना. "हे खरं प्रेम आहे," मी म्हणायचो. "हा ताप आहे," तो म्हणायचा. मामा आताशा दुपारी दुसऱ्या टेबलावर जेवायचे. मला वाटलं, भाचीची आणि माझी कुणकुण लागली असेल, लाजत असतील.

मग एके दिवशी मित्र बॅग भरायला लागला. गावी चाललो म्हणाला, मुलगी बघायला. "सोज्जी-भज्जी खाऊन येतो."

"मामांकडे मीही तेच खाल्लं," मी म्हणालो.

त्याने शर्टाची घडी तशीच हातात धरली. "मुलीचे आईवडील होते?"

"होते."

"ती गायली?"

"गायली."

"मूर्खा," तो म्हणाला, "टिफिन तुला रोज मेसमध्ये मिळतो. इथे सोज्जी-भज्जी फक्त नवऱ्या मुलाला देतात. तू काय उत्तर दिलंस?"

आमच्याकडे असतात ते पोहे. पोह्यांची बशी बघितली असती तर मी दारातच ओळखलं असतं. शिऱ्यात मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांच्या टेबलापुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं, हातही जोडले. मामा बराच वेळ टाक पुसत राहिले. "आम्हीं उत्तराची वाट पाहिली नाहीं," म्हणाले. "उत्तर तेव्हांच मिळालें, असें घरीं समजले."

"मामा, मला ती त्याच क्षणी आवडली होती."

"मग असें कां केलें?"

माझ्या घशात नेहमी कुणाचं तरी उत्तर तयार असतं, त्या दिवशी कुणाचंच नव्हतं.

भाची अजून त्यांच्याकडेच होती. मामांनी तिला विचारलं आणि ती भेटायला तयार झाली. या वेळी चटई नव्हती, जरी नव्हती. मामी स्वयंपाकघराच्या दारात बसून भाजी चिरत होती. भाची समोर खुर्चीवर बसली आणि तिने सरळ माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. महिनाभर जिच्यासाठी झुरत होतो तिच्या भुवईवर जखमेची खूण आहे हे मला माहीत नव्हतं.

मी माफी मागितली. मग म्हणालो की पहिल्या नजरेतच तुम्ही मला आवडलात, हे खोटं नाही.

"माझा घसा बसला होता," ती म्हणाली. "आईला म्हटलें आज नको. ती म्हणाली, मुलगा येऊन बसलाय, एकच पद म्हण." मग तिने विचारलं, "तुम्हीं केलेंत तें अगदीं तसेंच होतें का?"

"नाही, मी उगाच वाढवून..."

"करा ना परत. मला ऐकायचें आहे."

"नको."

"त्या दिवशीं कुणीं म्हटलें नव्हतें तरी केलेंत."

मामीची विळी थांबली. मी खाली मान घालून, अगदी हळू आवाजात ती ओळ म्हटली. बसलेला घसा, चिरकणं, सावरणं. माझं दुर्दैव हे की तीही हुबेहूबच आली. तिने डोळे मिटून ऐकलं. ती ना हसली ना रडली.

"पुढें?" ती म्हणाली.

मी तीच ओळ परत सुरू करायला गेलो.

"पुढें काय आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. ती पुढचं गात होती तेव्हा मी मनात ती एक ओळ घोटत होतो.

"इतकेंच ऐकलेंत," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं मला समजावं म्हणून. मग उठली आणि मामीला म्हणाली, "मामी, यांना कॉफी दे. मला नाहीं जमणार."

मामी कॉफी घेऊन आली. कशी होती ते आठवत नाही. न पिता उठणं वाईट दिसेल म्हणून मी ती शेवटपर्यंत प्यायलो.