सदऱ्यातला फोटो

कॅमेरा दिसला की त्यांचा हात आधी गळ्याशी जायचा. तिथे गुंडी नसायची, कारण अंगात सदराच नसायचा. मग म्हणायचे, "थांबा जी, सदरा घालून येतो."

गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये ते हमाल होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: पाठीवर तांदळाचं पोतं, घामावर कोंड्याचा थर. शहरात गिरण्या पाडून फ्लॅट उठत होते. ही शरीरं नाहीशी होण्याआधी कॅमेऱ्यात टिपून ठेवायची, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. हेतू मोठा, अक्कल बेताची.

"उघड्या आंगाचे फोटो कायले पायजे तुमाले?" ते विचारायचे. "माहा बाप सांगे, चार लोकाईत उघडं राहाचं नाही. लय पिढ्या उघडं ठेवलं आपल्याले."

"भाऊ, तुमची पाठ बोलते," मी म्हणायचो.

"त मंग तोंड काय फक्त जेवाले हाय?"

पण माणूस भिडस्त. मी म्हणेन तसे उभे राहायचे. शेवटी मात्र विहारात जायचा पांढरा सदरा पिशवीतून काढायचे, केस पाण्याने चापून बसवायचे आणि एक फोटो हक्काने काढून घ्यायचे. मी मन राखायला काढायचो आणि घरी जाऊन पुसून टाकायचो.

माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं तेव्हा मीच आमंत्रण दिलं. "वहिनींना घेऊन या, तुमचा फोटो लावलाय."

ते आले. इस्त्रीचा सदरा, सोबत नव्या साडीत बायको. दोघं भिंतीभिंतीने त्यांचा सदऱ्यातला फोटो शोधत फिरले. समोर दाराएवढी त्यांची उघडी पाठ टांगलेली होती आणि मी पाहुण्यांना श्रमाचं सौंदर्य समजावून सांगत होतो.

"तुमचा फोटो कोठी हाय जी?" बायकोने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "जागा पुरली नसन भाऊले," ते म्हणाले. "मी नाही इथं."

मी दोन पावलांवर होतो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. पुढे मिल बंद पडली, ते रायपूरकडे कामाला गेले आणि माफी मागायची राहूनच गेली. आजही आठवलं की लाजेने कान तापतात.

त्या दिवशी बायकोला मात्र पाठ कळली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला कळणार नाही तर कोणाला? ती पुढे झाली, त्या फोटोला टेकून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर ताणून ती उघडी पाठ झाकली. हॉलमधला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ती हलली नाही.