मी पळालोच नाही

मुलाच्या नव्या बेसबॉल ग्लोव्हला तेल चोळत होतो. त्या चामड्याच्या वासाने मी थेट अमेरिकेतल्या हर्नडनच्या मैदानावर, २००४ सालच्या फायनलमध्ये जाऊन उभा राहिलो.

फास्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच भाऊ. आमच्या ऑफिसच्या टीमने सात वेळा चॅम्पियनशिप जिंकली होती आणि सातही वेळा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता वॉल्टर. खांद्याच्या ऑपरेशनआधीची ती त्याची शेवटची मॅच. ऐन वेळी एकाचा पाय मुरगळला आणि मॅच बघायला आलेल्या मला वॉल्टरने घाईघाईने बॅट कशी धरायची ते शिकवलं. मी तालुक्याच्या शाळेत क्रिकेट शिकलेला.

शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, दोन आउट, तिसऱ्या बेसवर आमचा रनर. मी पळत पहिल्या बेसवर पोचलो की त्याचा रन धरला जाणार आणि आठवी ट्रॉफी आमची. बॉल बॅटला लागून हळूच फील्डरकडे गेला. यात रन नाही, विकेट सांभाळावी, असं ठरवून मी जागेवर उभा राहिलो.

"अरे पळ ना यार!" नागपूरचा विवेक बाकावरून ओरडला. फील्डरच्या हातून बॉल दोनदा निसटला, तरी मी उभाच. इथे असा बॉल मारला की पळावंच लागतं, हे आउट झाल्यावर कळलं. बरोबरी फोडायला खेळलेल्या जादा इनिंगमध्ये आम्ही हरलो.

वॉल्टर शेजारी येऊन बसला. "तुमच्या खेळात मारून उभं राहता येतं?"

"हो."

"मग चूक माझी. एवढंच सांगायचं राहिलं."

हरण्यापेक्षा त्या वाक्याने मी जास्त हादरलो. आमच्या शाळेत चूक नेहमी मुलाचीच असायची.