तिसऱ्या खुर्चीतले सबनीस काका

आमचं विमान अजून पूर्ण झालेलं नाही. कधी होईल असंही वाटत नाही. पण त्याच्या नादात गोळा झालेले किस्से इतके आहेत, की कुठल्याही लग्नात मला कुठल्याही टेबलावर बसवा, जेवण संपेल, किस्से संपणार नाहीत. बायको तर म्हणते, "विमान राहू दे, किस्सेच रिलीज करा!"

विमान म्हणजे खरं नव्हे हं. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडवायचं. चार इंजिनांचं जुनं, मोठं प्रवासी विमान, जे आता खऱ्या आकाशात जवळजवळ दिसत नाही. त्याची हुबेहूब नक्कल करायला आम्ही चौघं शनिवारी नोएडात माझ्या घरी जमतो. मी आठवडाभर ऑफिसात कोडिंग करतो आणि सुट्टी म्हणून शनिवारी कोडिंग करतो. शिरीन अत्तार चित्रांचं काम बघते. कॉकपिटमधला प्रत्येक खटका आणि प्रत्येक ओरखडा तिचा. गुरमीत आवाज सांभाळतो. आणि चौथे सबनीस काका, जे फरीदाबादहून मेट्रो बदलत बदलत येतात.

काका या विमानावर फ्लाइट इंजिनियर होते. पुढे दोन पायलट, आणि त्यांच्या मागे भिंतभर मीटरांसमोर आडवी मांडलेली तिसरी खुर्ची. इंधन, इंजिनं, हवेचा दाब, सगळं त्या खुर्चीतून चालायचं. नंतर नवी विमानं आली, त्यांत ही खुर्चीच नव्हती. मग काकाही नव्हते.

* * *

अर्धवट विमानच आम्ही इंटरनेटवर लोकांना उडवायला दिलं, आणि सुरुवातीलाच आमच्याकडे एक मागणी फार यायला लागली. लोकांना विमान उडवायचं असतं, मागे जाऊन इंधनाचे खटके कोण फिरवत बसणार? म्हणून मी एक बटण बनवलं आणि मोठ्या हौसेनं काकांना दाखवलं.

"काका, हे दाबलं की फ्लाइट इंजिनियरचं सगळं काम आपोआप होतं!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"समीर, हे बटण कंपनीनं आधीच बनवलं होतं रे. म्हणून तर मी घरी बसलो."

शेवटी शिरीननं तोडगा काढला. बटण राहील, पण दाबलं की तिसऱ्या खुर्चीत एक माणूस बसलेला दिसेल, तो काम करेल, आणि खटका कुणीही फिरवला तरी काम झालं की तोच सांगेल. आवाज काकांचा.

"पुन्हा उठवणार नाही ना मला तिथून?" काकांनी हसत विचारलं. हसत होते, पण उत्तराची वाट बघत होते. आम्ही तिघंही एकदम "बिल्कुल नाही!" म्हणालो.

* * *

रेकॉर्डिंग काकांच्या घरी, फरीदाबादला झालं. दिवस ऐन उन्हाळ्याचे. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, आणि आवाज घुमू नये म्हणून गुरमीतनं काकांच्या डोक्यावर रजई टाकलेली! आतून काका एखाद्या गुहेत बसल्यासारखे, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणत होते, "इंजिन वन स्टेबल. इंजिन टू स्टेबल."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, घरात कधी इतकं बोलला असतात, तर रजई मी धरली असती!"

काकूंनी जेवायला हाक मारली की काकांचं उत्तर ठरलेलं. "आलो गं, दोन मिनिटं!" आणि मग अर्धा तास पत्ता नाही. गुरमीतला मराठीचा गंध नाही, पण हे वाक्य तो त्या दिवसांत शिकला. आता त्याच्या आईनं फोन केला तरी तो तेच म्हणतो.

* * *

आता खरेपणाचं सांगतो. शिरीननं इंधनाच्या एका खटक्याशेजारचा रंग मुद्दाम उडालेला दाखवला होता. लगेच तक्रार आली, "इथं रंग भरायचा राहिलाय." काकांनी उत्तर द्यायला सांगितलं, "राहिलेला नाही. तिथं आम्ही अंगठा टेकवायचो."

उलटंही झालं. तीन नंबरच्या इंजिनाच्या ऑइलचा काटा माझ्या कोडमधल्या चुकीमुळे सारखा थरथरत होता. ती चूक दुरुस्त करायला मी बसलोच होतो, तेवढ्यात काका मागे येऊन उभे राहिले. वाकून तो काटा बघितला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे तुला कसं कळलं रे? आमच्या एका विमानात तीन नंबरचा काटा अस्साच थरथरायचा!"

मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "रिसर्च, काका."

तो काटा आजही थरथरतो.

* * *

सिम्युलेटरमध्ये त्या-त्या दिवशीचं खरं हवामान दिसतं. एका नोव्हेंबरात परदेशातून तक्रार आली. दिल्लीवर विमान उतरवताना जमीन दिसतच नाही, सगळं राखाडी, चित्रं लोड होत नाहीत, हा गंभीर बग आहे. गुरमीतनं माझ्या बाल्कनीत जाऊन समोरच्या सोसायटीचा फोटो काढला. म्हणजे सोसायटी जिथं असायला हवी होती तिथला. फोटो पाठवून दिला आणि खाली लिहिलं, "कन्फर्म्ड. हा बग बाहेरही आहे."

फोटो पाहून आम्ही हसलो. मग शिरीननं उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि एअर प्युरिफायर सुरू केला.

* * *

सगळ्यात गाजलेला बग मात्र वेगळाच. इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घेण्याचा एक खटका आहे. तो फिरवला की काकांचा आवाज येतो, "फ्युएल बॅलन्स्ड." आम्ही तपासताना लगेच पुढचा खटका फिरवायचो, की तो आवाज तिथंच तुटायचा. पण कुणी शांत बसून राहिलं तर? थोड्या वेळानं तोच आवाज, एकदम घरगुती सुरात म्हणायचा, "आलो गं, दोन मिनिटं!"

रेकॉर्डिंगच्या वेळी काकूंनी हाक मारली होती. त्यांची हाक लांबून आलेली, ती माइकनं पकडली नाही. उत्तर मात्र रजईतच होतं, आणि गुरमीत शेपूट कापायला विसरला होता!

जगभरच्या शौकिनांनी त्यावर चर्चा केली. कुणी म्हणालं, ही भारतीय इंजिनियरांची इंधनाची प्रार्थना असावी. एकानं तर आमच्या खरेपणाला पूर्ण मार्क दिले.

काका लाजले. "काढा रे ते. ड्यूटीवर मी असलं काही बोलत नाही."

"ड्यूटीवर नाही ना? मग घरी तेवढंच बोलता!" काकू म्हणाल्या. पुढच्या आवृत्तीत ते कापायचं ठरलं.

* * *

पुढच्या आवृत्तीसाठी काकांची आणखी काही वाक्यं हवी होती. पुन्हा फरीदाबाद, पुन्हा रजई. पण आवाज खरखरीत यायला लागला. गुरमीतनं वायर बदलली, माइक बदलला. दुसऱ्या शनिवारी मित्राचा महागडा माइक मागून आणला. खरखर तशीच. काका रजईतून म्हणाले, "अरे, चांगलं सामान आणा जरा!"

गुरमीतनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि काकूंना हळूच म्हणाला, "आंटी, माइक ठीक है."

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. डॉक्टर, तपासण्या, ऑपरेशन. काका वाचले, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता बोलता येणार नव्हतं, कधीच. बातमी कळली त्या दिवशी मी घरी येऊन सिम्युलेटर सुरू केला आणि नुसती इंजिनं चालू करत बसलो. "इंजिन वन स्टेबल. इंजिन टू स्टेबल." फार वाईट वाटलं, आणि बंदही करवेना.

* * *

विमानाचं काम मात्र अडलं. जुनी वाक्यं काकांची, नवी वाक्यं कुणाची? गुरमीत चाचरत म्हणाला, सगळीच दुसऱ्या आवाजात करावी लागतील. आम्ही काकांना विचारायलाही धजत नव्हतो. त्यांनीच ओळखलं. फोनवर टाइप करून स्क्रीन आमच्यासमोर धरली. "बदला. एका खुर्चीत दोन माणसं बसत नाहीत."

असा माणूस! खुर्चीतून दुसऱ्यांदा उठत होता, आणि तेही विमानाच्या सोयीसाठी.

आम्ही नवा आवाज बसवला. सफाईदार, स्वच्छ, कुठेही शेपूट नाही. रिलीज करण्याआधी काकांची परवानगी हवी, म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन एका रविवारी सकाळी तिघं फरीदाबादला गेलो. काका आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होते. त्यांच्याकडे अजून जुनीच आवृत्ती. दार लोटलेलं होतं, इंजिनांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. काकूंनी आम्हाला हॉलमध्ये बसवलं, पोह्यांच्या प्लेटी भरल्या, वर खोबरं घातलं आणि नेहमीसारखी आत हाक मारली.

"अहो, पोहे झालेत! या!"

आतून आवाज आला, "फ्युएल बॅलन्स्ड."

काकू डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आम्हीही प्लेटी धरून बसलो. इंजिनं चालू होती.

"आलो गं, दोन मिनिटं!"

गुरमीतनं टेबलावर काढून ठेवलेला पेन ड्राइव्ह उचलून परत खिशात टाकला. काकूंनी काकांच्या प्लेटवर झाकण ठेवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घ्या सुरू करून. त्यांची दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास असतो."