उजवा हात

इश्तियाकभाईंवर लिहा, असं मालती मला कित्येक वर्षं सांगत होती. मी टाळत आलो. कधी डोळ्यांचं निमित्त काढलं, कधी म्हटलं, एका मिस्त्रीवर काय लिहायचं? खरं कारण तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती मागे लागायची. आता इश्तियाकभाई नाहीत आणि मालतीही नाही. निमित्त सांगायला समोर कोणी उरलेलं नाही.

मी रेल्वेत इंजिनीअर होतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण नोकरीची अर्धी वर्षं लखनौत गेली आणि निवृत्तीनंतर तेलीबागेत घर बांधून आम्ही इथंच राहिलो. आयुष्यभर वेळापत्रकात जगलेल्या माणसाला म्हातारपणी एखादी बेशिस्त वस्तू हवीशी वाटते. मला एक गाडी मिळाली. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, टप उघडणारी, पन्नासएक वर्षांपूर्वीची विलायती गाडी. एका जुन्या कोठीच्या आवारात तिच्यावर शेळ्या चढून बसायच्या. ती ओढून घरी आणली तेव्हा मालती म्हणाली, “हे काय, शेळ्यांचं सिंहासन?”

ती चालू कोण करणार, असं विचारत फिरलो तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. 

इश्तियाकभाई पहिल्यांदा आले ते स्कूटरवरून. पुढे पायाशी हत्यारांची पेटी, मागे धाकटा भाऊ शकील आणि शकीलच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला जॅक. लांबून वाटावं, आजारी मूल घेऊन निघालेत. उतरल्याबरोबर इश्तियाकभाईंनी साबण आणि पाणी मागितलं. मालती आत येऊन मला हळूच म्हणाली, “अहो, अजून गाडीला हात लावला नाही, हात कसले धुतात?” तिच्या चेहऱ्यावरून त्यांनी प्रश्न ओळखला असावा. म्हणाले, “भाभीजी, डॉक्टर मरीज को छूने से पहले हाथ धोता है. बाद में तो कसाई भी धो लेता है.”

त्यांचं दुकान नव्हतं. कधीच नव्हतं. “हकीम बीमार के घर जाता है,” म्हणायचे. लखनौत आणि आसपास अशा जुन्या, वेगासाठी बनवलेल्या गाड्या मोजक्याच होत्या. छावणीतल्या एका निवृत्त ब्रिगेडियरची हिरवी, एका दाताच्या डॉक्टरची निळी, दोनचार जुन्या घराण्यांच्या. त्या सगळ्यांच्या दारी हे दोघे भाऊ आलमबागेहून स्कूटरवर जायचे. सकाळी छावणी, दुपारी हजरतगंज, उतरत्या उन्हात आमच्याकडे. आमच्याकडे शेवटी, कारण मालतीच्या हातचे पोहे. “भाभीजी का पीला चावल” त्यांनी शकीलला कधी पोटभर खाऊ दिला नाही. स्वतःच संपवायचे.

ते काही सर्वज्ञ वगैरे नव्हते. बढाया मारायचे, रुसायचे, दिलेला दिवस हमखास चुकवायचे. गाडी पुन्हा जोडल्यावर एखादा बोल्ट हातात उरला, की तो उजेडात धरून गंभीरपणे म्हणायचे, “ये कंपनी ने फालतू दे दिया था.” शकील मागून म्हणायचा, “भाईजान, पिछले हफ्ते वाला भी फालतू था, जिसके बाद ब्रिगेडियर साहब का दरवाजा हाथ में आ गया.” 

“तू पाना दे.”

“कौन सा?”

“जो तेरे हाथ में नहीं है, वही.”

दिवसभर हे असं चालायचं. शकील चाळिशीला आलेला, तीन मुलांचा बाप; पण इश्तियाकभाईंच्या लेखी तो अजून स्कूटर धरून ठेवणारा धाकटाच होता. आईवडील लवकर गेलेले, त्यांनीच त्याला वाढवलेला. मला एकदा म्हणाले, “साहब, इसको मैंने चलना सिखाया. अब ये मुझे गाड़ी के नीचे से निकालता है.”

लग्नसराईत ह्या गाड्या नवरदेवासाठी भाड्यानं जात. रस्त्यावर वारा कापत धावायला बनवलेलं ते इंजिन वरातीच्या चालीनं चालवायचं म्हणजे चुलीवर दूध ठेवून गप्पा मारण्यासारखं. इश्तियाकभाई पाण्याची बादली घेऊन गाडीबरोबर चालत. एकदा आलमबागेच्या चौकात वरात तासभर एकाच गाण्यावर अडली. इंजिन उकळायला लागलं. इश्तियाकभाई धावत पुढे गेले आणि बँडमास्तरच्या कानाशी ओरडले, “उस्ताद, जरा तेज बजाइए! आप ठहरे तो दूल्हा पैदल जाएगा!” बँडमास्तरनं लय दुप्पट केली. नवरदेवाच्या आत्या धापा टाकत नाचल्या. इश्तियाकभाईंना त्याबद्दल शेरवानीचं कापड मिळालं. त्याची शेरवानी शकीलनं शिवून घेतली आणि त्यावरून दोघं महिनाभर भांडत होते.

माझ्या हिंदीची ते यथेच्छ चेष्टा करत. मी म्हणायचो, “इंजन का आवाज बदल गया.” ते कपाळाला हात लावायचे. “सोमन साहब, आवाज आती है, आता नहीं. इतने बरस हो गए, अब तो उसे औरत मान लीजिए.” सोमणमधला ‘ण’ त्यांना कधी जमला नाही, मला त्यांची ‘आवाज’ कधी जमली नाही.

एका बाबतीत मात्र ते थट्टा चालू देत नसत. वर उचललेली गाडी खाली घ्यायची त्यांची एक रीत होती. जॅकजवळ बसलेला शकील मोठ्यानं विचारायचा, “नीचे?” पलीकडच्या बाजूला जो असेल त्यानं वाकून बघायचं आणि गाडीखाली कोणी नसेल, काही नसेल, तर उत्तर द्यायचं, “खाली.” खाली म्हणजे रिकामं. तो शब्द ऐकल्याशिवाय शकील जॅक सोडत नसे. बहुधा उत्तर इश्तियाकभाईच देत. दुसरं कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. रेल्वेतही निरोप परत म्हणवून घेतल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही, म्हणून मला ही रीत फार आवडली होती.

त्या दिवशी आमच्या पोर्चमध्ये काम संपलं होतं. चाक परत बसवलेलं, पुढची दोन्ही चाकं अजून अधांतरी. शकील पलीकडे जॅकशी बसलेला, मधे गाडी, इकडे इश्तियाकभाई आणि मी. त्यांनी हातातलं फडकं झटकलं आणि आता पोहे येणार म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हसले. शकीलनं विचारलं, “नीचे?” तेवढ्यात इश्तियाकभाईंना आमच्या बाजूच्या चाकाखाली राहिलेला पाना दिसला. ते वाकले, त्यांनी उजवा हात आत घातला. मी ते पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो. शकीलनं जॅक सोडला.

इश्तियाकभाईंच्या त्या किंकाळीबद्दल मी लिहू शकत नाही. चाक पुन्हा उचललं गेलं तेव्हा त्यांची बोटं बोटांसारखी दिसत नव्हती.

दवाखान्यात शकील भिंतीला टेकून एकच वाक्य बोलत होता, “मैंने पूछा था. जवाब आया था.” इश्तियाकभाई शुद्धीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “सोमन साहब, आपने क्या कहा था?”

“मैंने तो रोका था,” मी म्हणालो. “चिल्लाया था मैं.”

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. मी शकीलला थांबवायलाच ओरडलो होतो.

घरी आलो. मालती पायरीवर बसली होती. पोह्यांची कढई तशीच झाकलेली. मी तिला सगळं सांगितलं, शकील कसा हट्टानं उत्तर आलं म्हणतोय तेही. ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, “अहो, तुम्ही मराठीत ओरडलात.”

“म्हणजे?”

“मी खिडकीत होते. ‘खाली, खाली हात आहे’ म्हणालात.”

मला आमचा भाजीवाला आठवला. लखनौत आल्या आल्या तिनं दारावरच्या भाजीवाल्याला “भैया, टोकरी खाली रखो” म्हटलं होतं आणि तो बिचारा म्हणाला होता, “बहनजी, खाली रखूँ तो बेचूँगा क्या?” आमच्या घरातला हा कायमचा विनोद. पाहुणा आला की आम्ही तो सांगायचो. इतक्या वर्षांत हिंदीत भांडायला शिकलो, बँकेत, दवाखान्यात, ऑफिसात हिंदीच बोललो. पण जीव घाबरला तेव्हा तोंडून आईची भाषा आली. शकीलला पुढचे दोन शब्द कळलेच नसणार. त्यानं पहिला ऐकला आणि तो त्याच्या भाषेतला, त्याच्या भावानंच शिकवलेला होता.

“उद्या जाऊन सांगा,” मालती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. वॉर्डाच्या दारातच थबकलो. दोन बोटं काढावी लागली होती, उरलेली पुन्हा वळणार नव्हती. घरची मंडळी जमली होती आणि सगळ्यांसमोर इश्तियाकभाई शकीलला म्हणत होते, “हाथ गया, उसका गम नहीं. तू झूठ बोलता है, मेरे मुँह पर. साहब को क्या पड़ी है झूठ बोलने की?” शकील माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो मला विनवत होता. “साहब, याद कीजिए. आपने कुछ तो कहा था.”

मला आठवत होतं. मी म्हणालो, “सब इतनी जल्दी हुआ…” आणि पुढे बोललो नाही.

ती माझी एका शब्दाची चूक होती. त्या वॉर्डात ती कुणीही समजून घेतली असती. त्यानंतर मात्र ती नुसती चूक राहिली नाही.

महिनाभरात शकीलनं बायकामुलांसह घर सोडलं. रुद्रपूरच्या कुठल्याशा कारखान्यात लागला. इश्तियाकभाईंनी त्याचं नाव घेणं बंद केलं. गाड्यांचे मालक काही दिवस वाट बघत राहिले, मग एकेकानं गाडी दिल्लीला पाठवली किंवा विकली. माझ्याकडे मात्र इश्तियाकभाई येत राहिले. आता रिक्षानं. आल्यावर डावा हात धुवायचे, मग उजवा, डाव्यानं. खुर्चीत बसून मला सांगायचे आणि मी पाना फिरवायचो. “थोड़ा और. और. बस, अब रोने लगी, छोड़ दीजिए.” जाताना म्हणायचे, “अल्लाह ने एक भाई लिया, एक दिया.” मालती ताट तिथंच ठेवून आत निघून जायची. ते गेल्यावर ती मला विचारायची, “आज?” मी नाही म्हणून मान हलवायचो. पुढे पुढे तिनं विचारणंही सोडलं.

शेवटची भेट त्यांच्या घरी. आलमबागेचा रस्ता तेव्हा मेट्रोसाठी उखडलेला होता, पत्र्यांच्या आडोशातून वाट काढत गेलो. छातीचा आजार बळावला होता. उशाला टेकून बसले होते, पूर्वीच्या निम्मे झालेले. मी ठरवून गेलो होतो. वाक्य हिंदीत जुळवून, मनात कितीदा म्हणून बघितलं होतं.

त्यांनीच विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “शकील की याद आती है, साहब.” मग थांबून म्हणाले, “एक दफा कह देता, भाईजान, चूक हो गई. इतना ही. मैं कहता, उल्लू के पट्ठे, चाय पी. पर वो अड़ा रहा कि जवाब आया था. कौन सा जवाब? मेरा ही भाई, मुझी से झूठ.”

“इश्तियाकभाई,” मी म्हणालो, “आपसे एक बात कहनी थी.”

“कहिए न.” ते सरळ बसायचा प्रयत्न करू लागले. इतक्या आदरानं, की जणू मी काही द्यायला आलो होतो.

वाक्य तयार होतं. मी म्हणालो, “दवा टाइम पे ले रहे हैं न?”

ते हसले. “भाभीजी को सलाम कहिएगा.”

त्यानंतर लवकरच ते गेले. शकील आला, मातीला हात लावायला तेवढा वेळेवर पोचला. पूर्ण पांढरा झाला होता. संध्याकाळी मी त्याला आलमबागेच्या बस अड्ड्यापर्यंत सोडायला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, ह्यावर कोणी विश्वास ठेवावा असं आता मी म्हणत नाही. बस लागलेली होती. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“साहब, आप आखिर तक उनके साथ रहे. मेरे बारे में… कुछ कहते थे?”

“याद करते थे,” मी म्हणालो.

“माफ किया था मुझे?”

ह्या प्रश्नाला मी “हाँ” म्हटलं. तो बसच्या दाराशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. ज्यानं काही केलंच नव्हतं, त्याला मी माफी मिळवून दिली. कंडक्टरनं हाक मारली. बस निघून गेली आणि मी त्या गर्दीत उभा राहिलो. इश्तियाकभाईंच्या खोलीत माझ्याजवळ जे वाक्य तयार होतं, ते त्या बस अड्ड्यावर पहिल्यांदा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं. बाजूचा शेंगदाणेवाला मान वर करून बघू लागला.

“इश्तियाकभाई, शकील सच कहता है. उसको जवाब मैंने दिया था. उसे घर बुला लीजिए, और हो सके तो मुझे माफ कर दीजिए.”