बटण ड्रॉवरमध्ये होतं

आधीच माफी मागते. माझं अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर चुकणारच... नामपूरला चौथीपर्यंतच शिकले. शेजारच्या वहिनी मोबाईलवर लोकांचे असले अजब अनुभव वाचून दाखवतात, तेव्हा मी हसायचे. माझा अशा गोष्टींवर विश्वासच नव्हता. म्हणून हे नुसतं कागदावर लिहून ठेवतेय. पाठवायचं धाडस होईल असं वाटत नाही.

आम्ही पंचवटीत राहतो. माझी मुलगी कोमल बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. डोळे उघडे, पण हाक ऐकू नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "अभ्यास नको म्हणून नाटकं करते." एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. घरात तिला मार बसायचा. मला वेगळीच धास्ती — नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर असताना असं झालं तर?

शेवटी नदीपलीकडच्या दवाखान्यात तिचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींचा आलेख काढला. डोक्याला पांढऱ्या चिकट लगद्यानं वायरी चिकटवताना कोमल म्हणते, "आई, साबुदाण्याची खिचडी लावतायत का?" टेक्निशियन दादा हसले. माझ्या हातात एक बटण दिलं. "ताई, ती गप्प झाली की दाबा. वायरीतून खूण जाते, आलेखावर निळी रेघ पडते. मी कीबोर्डवरून टाकली तर हिरवी."

पण कोमलच सारखी बटण दाबायला लागली. "बाई गं, दाराची बेल आहे का ही?" म्हणत दादांनी वायर उपसली आणि बटणासकट ड्रॉवरमध्ये टाकली. "आता तोंडानं सांगा, ताई."

थोड्या वेळानं कोमल झोपली. मी तिच्याकडे बघत बसले. तिचं काही हललं नाही, मी काही बोलले नाही.

तपासणी संपल्यावर दादा स्क्रीनकडे बघतच राहिले. "ताई, बटण परत कोणी लावलं?"

"कोणीच नाही हो."

त्यांनी ड्रॉवर उघडला. वायर तशीच गुंडाळी होऊन पडलेली. आलेखावर मात्र निळ्या रेघा होत्या... आणि प्रत्येक रेघेच्या लगेच पुढे लहरी उसळलेल्या. आधी रेघ, मग लहर.

"मशीनचा लोचा म्हणावा, तर रेघा कुठेही पडल्या असत्या," दादा हळूच म्हणाले. "आणि खरं सांगू? लहरी इतक्या बारीक आहेत, रेघा नसत्या तर माझ्या नजरेतून सुटल्या असत्या."

तिथले डॉक्टर म्हणाले, "नाटक नाही हे. फिटच आहेत, झोपेतही येतात." मग माझ्याकडे बघून, "आईला आधीच कळतं वाटतं! बरोबर बटण दाबलंत." मी मान खाली घातली.

गोळ्या सुरू झाल्या. कोमलचं गप्प होणं थांबलं. शाळेतल्या बाईंनी तिला जवळ घेतलं. मार तर बंदच झाला.

मागच्या महिन्यात परत ईईजी काढला. मशीन नवीन होतं, दादा तेच. या वेळी त्यांनी बटण लावलंच नाही. आलेख एकदम साफ आला. डॉक्टर खूश, "आता हळूहळू गोळ्या कमी करू."

बाहेर पडताना दादांनी मला थांबवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. लहर एकही नव्हती. निळ्या रेघा होत्या. पहिल्यापेक्षा जास्त.

"डॉक्टरांना दाखवल्या," ते म्हणाले. "म्हणाले, पुसून टाका."

याचा अर्थ मला अजून कोणी सांगितलेला नाही. मुलगी बरी आहे, हसते, खेळते. पण रेघा पडतायत, म्हणजे तिला काहीतरी होणार आहे असं अजूनही कुणाला तरी वाटतंय... म्हणून मी तिला घाटावर एकटी सोडत नाही. ती चिडते, हात झटकते. मी धरून ठेवते.