यांतीच्या गावातला प्लॉट

गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या किचनमध्ये इंडोनेशियातल्या जमिनीचा व्यवहार होता होता राहिला... म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मते राहिला. बाकीच्यांच्या मते तो कधी सुरूच झाला नव्हता.

यांती माझ्या लॅबमध्ये काम करते. सुमात्रा बेटावरच्या डोंगरातल्या एका खेड्यातली. ती जेवायला आली होती आणि आमच्यासाठी मुद्दाम मटणाचं रेंदांग करून घेऊन आली होती. आपल्या सुक्या मटणाच्याच जवळचं, फक्त खोबरं जरा सढळ हाताने.

आता प्रशांतचं, म्हणजे नवऱ्याचं, एक आहे. कुठल्याही सुंदर जागेचा फोटो दाखवा, हा माणूस आधी विचारणार, "इथे रेट काय चाललाय?" नायगाराला गेलो होतो तेव्हासुद्धा विचारलं होतं! यांतीने फोनवर गावाचे फोटो दाखवले... पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली दालचिनी, मागे डोंगर. झालं. साहेबांच्या डोक्यात होमस्टे उभा राहिला.

यांती गावाचं जे सांगत होती ते ऐकताना ओळखीचंच वाटत होतं. भात घरापुरता, पैसा दालचिनीचा, पण ते झाड हाताशी यायला वर्षं लागतात. पोरं मलेशियाला, नाहीतर शहरात खाणावळ टाकायला. घरं मोठी आणि आत दोन म्हातारी माणसं. शनिवार-रविवारी शहरातले लोक धबधबा बघायला येतात, तेवढीच काय ती वर्दळ.

"यार, हे म्हणजे बिल्डर यायच्या आधीचं मुळशी," प्रशांत म्हणाला.

मी मात्र त्या दिवशी वेगळ्याच जमिनीत अडकले होते. बाबा गेल्यावर आमची कराडजवळची शेती नितीनच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, एकट्याच्या नावावर करायचं ठरलं होतं. त्याने हक्कसोडपत्र पाठवलं होतं. सोमवारी सुट्टी टाकून अटलांटाला ड्राइव्ह करायचं, कॉन्सुलेटमध्ये सही करायची, विषय संपला.

नितीन चांगला आहे, आमच्यात भांडण वगैरे काही नाही. बहिणी सही करतात, मीही करणार होते. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही... पण आत कुठेतरी टोचत होतं, आणि टोचतंय याचाच मला राग येत होता.

जेवण झाल्यावर यांतीने घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची सकाळ. वडील खुर्चीत समोर बसलेले, आई आणि मावशी मागे खाली बसून भाजी निवडतायत. प्रशांतने थेट वडिलांनाच धरलं. रस्ता किती रुंद, पाणी बारमाही आहे का, शेजारचा तुकडा मिळेल का... यांती बिचारी भाषांतर करून करून दमली. वडील हसून मान डोलवत होते आणि आमचे हे मला डोळ्याने खुणावत होते, की जमतंय!

शेवटी त्याने भाव विचारला. वडील खो खो हसले, उठले आणि खुर्ची यांतीच्या आईला देऊन चक्क स्क्रीनबाहेर गेले.

"बाबा म्हणतायत, मला कशाला विचारतोस, मी इथला जावई आहे," यांतीने सांगितलं.

मग उलगडा झाला. त्यांच्यात घर आणि शेती आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. जमीन विकायची तर घराण्यातल्या सगळ्या बायकांनी आणि मामांनी हो म्हणावं लागतं, आणि तसं सहसा कोणी म्हणत नाही. परदेशी माणसाच्या नावावर तर ती होतच नाही. प्रशांतचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. इतका वेळ हा पठ्ठ्या घरजावयाशी सौदा करत होता!

मी हसत होते, तेवढ्यात यांतीच्या आईने मला विचारलं, तुझी जमीन कुठे आहे? मी म्हटलं, भावाकडे. तिला ते कळेचना. यांतीने पुन्हा समजावलं. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तू परत आलीस तर राहणार कुठे?"

प्रशांत पटकन म्हणाला, पुण्यात फ्लॅट आहे ना. आहे. त्याच्या नावावर आहे. व्हिसावर राहणाऱ्यांना परत जायची भीती नवी नाही... पण परत जाऊन माझं असं काय आहे, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी नितीनला फोन केला. म्हटलं, मी सही करत नाहीये. तू कस, तू पिकव, तिथे घर बांध, पण माझं नाव राहू दे.

तो म्हणाला, "ताई, दाजी काही बोलले का?"

"नाही रे. मीच बोलतेय."

तो चिडला नाही, पण त्याचा आवाज पडला. आईला देतो म्हणाला. आता ऐकून घ्यायचं, अशी मी मनाची तयारी केली. आईने स्वतः तिच्या भावांना सही करून दिली होती आणि त्याबद्दल आयुष्यात एक शब्द काढला नव्हता.

"नुसतं नाव कशाला ठेवतेस?" आई म्हणाली. "विहिरीकडचा तुकडा माग. पाणी तिथंच आहे."

इतक्या पटकन बोलली, की हे तिने कधीचं ठरवून ठेवलेलं असणार. मीच तिला विचारलं नव्हतं.

अपॉइंटमेंट कॅन्सल केली. नितीन सध्या मोजकंच बोलतोय, त्याचं वाईट वाटतंच. यांतीच्या आईला मराठी येत नाही, ती ही पोस्ट काही वाचणार नाही... तरी थँक यू, काकू.