अर्धी दाढी

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आहे, दुपारचा एक वाजला असावा, आणि मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाय पसरून पडलो आहे. झोपायचं नाही असं ठरवून पडलोय, म्हणजे झोप येणार हे नक्की. समोरच्या आरशात माझा गळ्यापासून वरचा भाग दिसतो. आज पांढरा शर्ट घातलाय. इस्त्री मी स्वतः केली, दोनदा केली.

घरी तात्यांचं वर्षश्राद्ध चालू आहे, तिसरं. तात्या म्हणजे माझे वडील. हे दुकान त्यांनीच सुरू केलं आणि ही खुर्चीही त्यांच्याच काळातली. धाकटा मुलगा म्हणून मी तिथं असायला हवं. पण थोरला भाऊ सोपानदादा सकाळी म्हणाला की गुरुजी येतील, भावकीतली चार माणसं येतील, उगीच जुने विषय निघतील, त्यापेक्षा तू दुकानात बस. कोणी आलं तर उद्या या म्हणून सांग. पानं मांडली की हाक मारतो. बंद दुकान बंद आहे हे सांगायला माणूस बसवलेलं सगळ्या करमाळ्यात हे एकच दुकान असेल.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्याला एकशे एकतीस दिवस झाले, मी दारूचा थेंब घेतलेला नाही. आल्यावर दादानं मला दुकानात परत घेतलं, पण कात्रीपुरतं. केस कापायचे, डोकं चोळायचं, केर काढायचा. वस्तरा आणि ब्लेडची पाकिटं त्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असतात. माझ्याकडे केस कापून झाले की गिऱ्हाईक उठतं आणि दाढीला त्याच्या खुर्चीत जाऊन बसतं. मी पीत होतो तेव्हा लोक पाठीमागं हसायचे. आता सुधारलोय तर समोर बसून आरशातून माझ्या बोटांकडं बघतात.

आणि वैजयंता आली आहे. माझी बायको. पोरीला घेऊन माहेरी गेली त्याला तीन वर्षं झाली. आज स्वयंपाकाला हातभार म्हणून आलीय, सासऱ्यांच्या नावासाठी. माझ्यासाठी आलेली नाही, हे तिनं वहिनीकरवी मला आवर्जून कळवलं. सकाळी चहाचा कप तिनं माझ्या हातात दिला नाही, समोर फरशीवर ठेवला. सांडेल म्हणून असेल. सकाळच्या वेळी हात अजून थरथरतो, ते तिनं उंबऱ्यातूनच बघितलं असणार.

पंखा फिरतोय. गल्लीतून भांडीवाल्याची आरोळी येते, लांब जाते. डोळे मिटले आहेत असं मला वाटतं, तरी आरसा दिसतोच आहे. आरशात खुर्चीवर मी नाही. तात्या बसलेत.

मी त्यांच्या मागं उभा आहे आणि त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधतो आहे. गाठ मारताना मान थंड लागते, पण मला त्याचं काही वाटत नाही. त्यांचा उजवा गाल गुळगुळीत आहे. डाव्यावर पांढरे खुंट. उजव्या जबड्याखाली बोटभर चीर आहे, उघडी आणि कोरडी.

"उरल्याली कर," तात्या म्हणतात.

मी विचारतो, तीन वर्षांत वाढली कशी नाही.

"मेल्याल्याची वाढत न्हाई."

तिकडं न्हावी नाहीत का, असं मी विचारतो. मस हायत, म्हणतात. त्यांच्याच हाताखाली शिकलेले दोघंतिघं आहेत म्हणे. मग त्यांच्याकडून का करून घेतली नाही?

"दुसऱ्याच्या अर्ध्या कामाला कोण हात लावतंय? सगळी इचारत्यात, तात्या, अर्धी कुणी केली. मी सांगतो, धाकल्या पोरानं."

हे ते रागानं म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं म्हणतात. मी ब्रश वाटीत फिरवू लागतो.

आमच्या घराण्यात न्हावी गेला की त्याला अंघोळ घालायच्या आधी घरच्याच माणसानं त्याची दाढी करायची असते. आयुष्यभर गावाचे गाल तासले, त्या माणसानं खुंट वाढवून जाऊ नये म्हणून. तात्यांनी पाच वर्षं आधीपासून सांगून ठेवलं होतं की माझी नवनाथ करील, सोपानचा हात जड आहे. नवनाथ म्हणजे मी. हे ते दादाच्या तोंडावर सांगायचे.

ब्रशनं फेस लावता लावता दुकानाची फरशी संपते आणि घराचं अंगण लागतं. खुर्ची तीच आहे, पण भोवती माणसं उभी आहेत. टोप्या काढून, हात बांधून. बंबाचा धूर डोळ्यांत जातोय. दारात वैजयंता पाण्याची कळशी धरून उभी आहे. कळशी तिनं खाली ठेवलेली नाही, तीन वर्षं तशीच धरून उभी आहे असं मला वाटतं. हा तोच दिवस आहे, आणि मी प्यायलेलो आहे.

त्या दिवशी उजवा गाल होत आला आणि जबड्याखाली वस्तरा घसरला. बोटभर चीर पडली. सवयीनं मी कापूस घेतला आणि रक्त यायची वाट बघत उभा राहिलो. रक्त येईना. मी आणखी वाट बघितली. वीस वर्षं न्हावीकाम केलेला माणूस, मेलेल्याच्या गालावर कापूस धरून उभा. मागं कोणीतरी फिसकन हसलं. मग दादानं माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की आता राहू द्या, अजून चिरफाड नको. तात्या अर्धी दाढी घेऊन गेले. त्याच संध्याकाळी वैजयंता पोरीला घेऊन बसस्टँडवर गेली. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा सगळ्यांनी म्हणे माझ्याकडं वळून बघितलं. मी तिथं नव्हतोच, तरीही.

"वस्तरा?" मी तात्यांना विचारतो. "दादा कुलपात ठेवतो."

ते कापडाखालून हात काढतात. त्यांचा जुना वस्तरा आहे, पात्याचा, मुठीला दोरा गुंडाळलेला. मी घेत नाही. माझी बोटं थरथरतात आणि ते सगळ्या अंगणाला दिसतंय.

केंद्रातल्या सरांनी मला यादी करायला लावली होती. ज्यांना दुखावलं त्यांची नावं लिहायची, एकेकाकडं जायचं, माफी मागायची. मी वहीत बावीस नावं लिहिली. मेलेल्यांकडं कसं जायचं, हे विचारायचं राहून गेलं. आता आयतेच समोर बसलेत, तर माफी मागायची सोडून माझ्या तोंडून वेगळंच निघतं.

"त्या दिवशी मी तुमच्यासाठीच घेतली होती," मी म्हणतो. "हात स्थिर राहावा म्हणून."

हे खोटं नाही. पिणाऱ्याचा हात न पिता थरथरतो आणि एक क्वार्टर पोटात गेली की थांबतो. हे पिणाऱ्यालाच माहीत असतं. सकाळी तात्या गेल्याचं कळलं आणि सगळे रडत असताना मी पहिला हिशेब हाच केला की आपल्याला दाढी करायची आहे. मी पळत देशीच्या दुकानात गेलो.

आता आम्ही तिथंच आहोत. लोखंडी जाळी, आत हात घालायची खिडकी, खाली द्रोण आणि खारे दाणे सांडलेले. तात्या रांगेत माझ्यापुढं उभे आहेत, गळ्यात कापड, एका गालाला फेस.

"एक माझ्यासाठी," ते मागं न बघता म्हणतात. "आन दुसरी?"

दुसरी तात्यांसाठी नव्हती. पहिली पोटात गेल्यावर हात थांबला होता, चांगला थांबला होता. तेवढ्यावर निघून आलो असतो तर आज मी करमाळ्यातला एक नंबरचा न्हावी असतो, बायको घरात असती, आणि श्राद्धाला मी घरी असतो. मला स्वतःची इतकी चीड येते की समोर दिसतो त्याच्यावर काढतो. समोर तेच आहेत.

"पहिली तुम्हीच पाजली," मी म्हणतो. "फुग्याच्या दिवशी."

आमच्याकडं नवशिक्याला फुग्यावर शिकवतात. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो काढायचा, फुगा न फोडता. मी अकरा फोडले. बाराव्याचा फेस पुसून घेतल्यासारखा निघाला. तेव्हा मी अठराचा होतो. तात्यांनी फुगा साऱ्या गल्लीला दाखवला आणि संध्याकाळी स्वतःच्या ग्लासातली दोन बोटं मला ओतून दिली. ते स्वतः रोज एकच ग्लास घ्यायचे, मरेपर्यंत एकच. लोक अजून मला त्यांचा दाखला देतात, की तात्याही घ्यायचे, पण मापात.

"व्हय," तात्या म्हणतात. "म्याच पाजली. चुकलं माझं."

एवढंच. तीन वर्षं मी हे वाक्य दाताखाली धरून ठेवलं होतं, यावर ते काय काय म्हणतील आणि मी काय काय सुनावेन हे घोळवून ठेवलं होतं. ते सरळ कबूल झाले.

"दाढी कर आता. फेस वाळाय लागला."

रांग नाही, जाळी नाही. दुकानच आहे, आपलंच, फक्त भिंती जरा लांब गेल्यात. मी वस्तरा घेतो. कानाजवळून सुरू करतो. हात थरथरतोय, पण गालाला टेकला की थरथर मनगटाच्या मागं राहते. खुंट निघतात. तो खरखर आवाज येतो, जो मी केंद्रातून आल्यापासून फक्त दादाच्या खुर्चीकडून ऐकतोय. मला रडू येतं आणि मी रडत रडत काम करतो.

"दादाला सांगा," मी म्हणतो. "वस्तरा द्यायला सांगा मला. तुमचं ऐकेल तो. माझ्या नाही आलात तरी चालेल, त्याच्या स्वप्नात जा."

"त्येच्या कसा जाऊ? त्यो झोपतच न्हाई."

मी हात थांबवतो.

"तू आल्यापासनं रातभर कान देऊन पडतो," तात्या म्हणतात. "दाराची कडी वाजती का बघतो. तू लघवीला उठलास तरी उठून बसतो. तुझं एकशेएकतीस दिस झालं म्हणतोस, त्येचं बी तेवढंच झालं की."

मला राग येतो. मी काही केलं नाही, मी घरीच झोपतो, वास घ्या हवं तर. असं सगळं तोंडात येतं. पण दादाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी रोज आरशात बघतो आणि मला वाटायचं की धंद्याच्या काळजीनं असतील. धंदा तर बरा चाललाय.

डावा गाल होतो. हनुवटी होते. वरच्या ओठावरून हलकेच फिरवतो. कुठं लागलेलं नाही. मी ओल्या फडक्यानं चेहरा पुसतो आणि शाबासकीसाठी उभा राहतो. लाज वाटते, पण खरंच त्यासाठीच उभा राहतो, अठराचा असल्यासारखा.

तात्या उजवा गाल माझ्याकडं करतात. "आन ही?"

जबड्याखालची चीर.

"ती कशी मिटवू?"

"मिटव कोण म्हणतंय? बोट लाव."

मी बोट लावतो. आत ओल नाही, ऊब नाही. कडा कागदासारख्या लागतात. मी वाट बघतो, त्या दिवशीसारखी. मला माहीत आहे की येणार नाही, आणि तरी बोट काढवत नाही.

"येत नसतंय रं," तात्या हळू म्हणतात. "तवा बी असाच बघत उभा हुतास. माझ्यातनं न्हाई येत आता."

खडखड आवाज होतो आणि दुकानभर उजेड पडतो.

शटर वर गेलं आहे. मी खुर्चीत आहे. तोंड कोरडं, मान अवघडलेली, उजवा गाल चुरचुरतोय. आरशात बघतो. उजव्या जबड्याखाली बोटभर चीर आहे आणि तिच्यातून रक्त येतंय. ओघळ गळ्यावरून उतरून कॉलरला लागला आहे, पांढऱ्यावर चांगला लांब डाग पडलाय. मी हात बघतो. हातात काही नाही. मांडीवर नाही, खाली नाही. बोटानं रक्त पुसतो, पुन्हा येतं. गरम आहे. मला इतकं बरं वाटतं की मी आणखी एकदा पुसून बघतो.

सोपानदादा दारात उभा आहे. डोक्यावर टोपी, बोटात अजून दर्भ. पानं वाढलीत, असं सांगायला आला होता, तेवढं सांगून झाल्यावर त्याला रक्त दिसलं. तो माझ्याकडं बघतो, मग माझ्या हातांकडं, मग खुर्चीखाली. जवळ येतो. खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर हात ठेवून वाकतो, अगदी माझ्या तोंडाशी. मला वाटतं जखम बघतोय. त्याचे डोळे मिटलेले आहेत. तो वास घेतोय.

एकशे एकतीस दिवसांत मी यावर आठ वेळा भांडलो आहे. एकदा ताट फेकलं होतं.

मी तोंड उघडतो आणि श्वास सोडतो. त्याचं समाधान होईना, म्हणून पुन्हा सोडतो. तो तसाच वाकून राहतो, आणि त्याला हवा तितका वेळ मी सोडत राहतो.